पेरणीपासून गिरणीपर्यंत

रायपूर शहराची उत्तरेकडील हद्द ओलांडून बिलासपूरच्या दिशेने जाणारा महामार्ग बीरगांवला पोहोचतो, तेव्हा छत्तीसगढची दोन रूपे शेजारी शेजारी दिसू लागतात. एकीकडे उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांतील लोखंड-पोलादाचे कारखाने, त्यांची धुराडी आणि मालमोटारींच्या रांगा. दुसरीकडे कारखान्यांच्या कुंपणांपलीकडे पसरलेली धानाची शेते. एकेकाळचे हे खेडे आज स्वतंत्र नगर निगमाचा दर्जा असलेले श्रमिकांचे शहर झाले आहे. आसपासच्या गावांतून माणसे येथे रोज कामाला येतात आणि नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत याच रस्त्यांवरून धानाची पोती वाहून नेली जातात.

बँकव्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर या दोन्ही रूपांना कर्ज मिळण्याची वाट आता बऱ्यापैकी रुळलेली आहे. कारखान्याजवळ प्रकल्प अहवाल असतो, ताळेबंद असतो, तारण असते. शेतकऱ्याजवळ जमिनीच्या नोंदीची ‘ऋणपुस्तिका’ असते आणि तिच्या आधारे त्याला पीककर्ज मिळते. प्रश्न आहे तो या दोहोंच्या मधल्या जागेचा. गावातच धान भरडून देणारी छोटी गिरणी, पोहे-मुरमुऱ्याची भट्टी, डाळ तयार करणारे घरगुती युनिट, सुगंधी तांदूळ पिशव्यांत भरून विकणारा महिलांचा बचतगट, हे सारे शेतीवर जगतात. पण ते निव्वळ शेती नव्हेत आणि कारखानेही नव्हेत. त्यांची गरज पीककर्जापेक्षा मोठी आणि उद्योगाच्या कर्जापेक्षा फार लहान असते. विकसनशील देशांतील ग्रामीण अर्थकारणात सर्वांत जास्त उपेक्षा याच मधल्या जागेच्या वाट्याला आली आहे. आणि शेतमालाचे मोल गावात राहणार की गावाबाहेर जाणार, हे ठरते तेही नेमके याच जागी.

वाढीदिढीचे दिवस

संस्थात्मक पतपुरवठा येण्यापूर्वी खेड्यातील कर्जव्यवहार पैशापेक्षा धान्यातच अधिक चाले. पेरणीच्या वेळी बियाणे किंवा घरखर्चाला धान्य उसने घ्यावे आणि पीक हाती आल्यावर ते सवाईने, म्हणजे पंचवीस टक्के, अथवा दिढीने, म्हणजे पन्नास टक्के वाढवून परत करावे, अशी ही रीत. मराठी मुलखात ती ‘वाढीदिढी’ म्हणून ओळखली जाई, तर छत्तीसगढात ‘बाढी’ म्हणून. पाच-सहा महिन्यांच्या मुदतीला पन्नास टक्के हा दर किती जाचक होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. परंतु या व्यवहाराची खरी मेख व्याजाच्या दरापेक्षा परतफेडीच्या वेळेत होती. कर्ज घेतले जाई तेव्हा धान्य महाग असे आणि फेडले जाई तेव्हा, कापणीनंतर, ते स्वस्त झालेले असे. शेतकऱ्याचे नुकसान अशा रीतीने दोन्ही बाजूंनी होई.

या कोंडीवर उपाय म्हणून जर्मनीत फ्रेडरिक विल्हेल्म रायफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ग्रामीण पतसंस्थांचा प्रयोग केला. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी त्याचा अभ्यास करून १८९५ ते १८९७ या काळात आपला अहवाल सादर केला आणि १९०४ साली भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. मात्र त्या कायद्याची व्याप्ती गावपातळीवरील पतसंस्थांपुरतीच मर्यादित होती. १९१२ च्या सुधारित कायद्याने दोन नवी दारे उघडली. गावोगावच्या संस्थांना एकत्र बांधणाऱ्या मध्यवर्ती बँका स्थापन करता येऊ लागल्या आणि कर्जाखेरीज खरेदी, विक्री, प्रक्रिया अशा कामांसाठीही सहकारी संस्था नोंदवता येऊ लागल्या.

रायपूरच्या मातीत याच दोन दारांतून पुढे गेलेल्या एका मराठी माणसाचे नाव आजही आदराने घेतले जाते. ते म्हणजे पंडित वामनराव बळीराम लाखे.

वामनरावांची बँक आणि गिरणी

वामनराव लाखे यांचा जन्म १८७२ साली रायपूरमध्ये झाला. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढात मराठी कुटुंबांची वस्ती होती आणि तेथील सार्वजनिक जीवनात ती मिसळून गेली होती. माधवराव सप्रे हे वामनरावांचे सहकारी. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले, तेव्हा सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी संपादनाची, तर वामनरावांनी प्रकाशनाची बाजू सांभाळली. मासिक तीन वर्षे चालले. पुढे वकिली करीत असताना वामनरावांनी सहकाराच्या कामाला वाहून घेतले आणि १९१३ साली, म्हणजे सुधारित कायद्यानंतर अवघ्या वर्षभरात, रायपूर को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँकेची स्थापना केली.

सरकारने त्यांना ‘रायसाहेब’ हा किताब दिला होता. असहकाराच्या चळवळीत, १९२० साली, त्यांनी तो परत केला. लोकांनी त्यानंतर त्यांना ‘लोकप्रिय’ ही पदवी बहाल केली. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावासही भोगला. परंतु या लेखाच्या विषयाशी त्यांच्या आयुष्यातील आणखी एका घटनेचा निकटचा संबंध आहे. १९४५ साली, वयाच्या बहात्तराव्या-त्र्याहत्तराव्या वर्षी, वामनरावांनी बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांच्या सहकारी भातगिरणीची स्थापना केली. १९४८ साली त्यांचे निधन झाले.

बँक आणि गिरणी या दोन घटनांच्या मध्ये बत्तीस वर्षांचे अंतर आहे आणि त्या अंतरात घडलेला इतिहास बोलका आहे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. मध्यप्रांत व वऱ्हाडातील सहकारी संस्थांची थकबाकी वाढत गेली आणि अनेक ठिकाणी तारण ठेवलेल्या जमिनी संस्थांकडे आल्या. कर्ज देणारी संस्था शेतकऱ्यांची स्वतःची होती, व्याज वाजवी होते, तरीही कर्ज फिटले नाही. कारण पिकाला भाव नव्हता. कर्जाची परतफेड शेवटी मालाच्या विक्रीतून होते आणि विक्रीवर ज्याचा ताबा नाही, त्याची पतही डळमळीतच राहते. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर बलौदाबाजारच्या गिरणीचे महत्त्व ध्यानात येते. धान पिकवणाराच तांदळाचा विक्रेता झाला, तर भरडाईतील नफा, कोंडा आणि तूस यांचे मोलही त्याच्याच पदरात पडते.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे प्रवरानगरचे स्मरण होईल. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून भागभांडवल जमवले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद स्वीकारले, वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या सहकारी बँकिंगच्या धुरीणांचे पाठबळ लाभले आणि १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांचा साखर कारखाना सुरू झाला. उसाच्या बाबतीत जे प्रवरेकाठी घडले, त्याच विचाराची एक छोटी वाट बलौदाबाजारला धानाच्या बाबतीत पाच वर्षे आधी पडली होती.

पिकाला कर्ज मिळाले, पुढे काय?

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने केलेल्या १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने सहकाराच्या मर्यादा निर्भीडपणे मांडल्या. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, शासनाचा ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांचा तर एक टक्काही नव्हता. जवळजवळ सत्तर टक्के कर्ज सावकारांचे होते. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण, १९७५ साली प्रादेशिक ग्रामीण बँका, १९८२ साली नाबार्ड, १९९२ साली बचतगटांना बँकांशी जोडण्याचा प्रारंभिक प्रकल्प आणि १९९८-९९ साली किसान क्रेडिट कार्ड या टप्प्यांनी हे चित्र पालटले. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या येणे कर्जांपैकी ६६ टक्के रक्कम संस्थात्मक स्रोतांची होती. उरलेला एक तृतीयांश भाग मात्र आजही संस्थांबाहेर आहे, हेही विसरता येत नाही.

छत्तीसगढात पीककर्जाची व्यवस्था विशेष बळकट झाली, याचे एक कारण सरकारी धानखरेदीत आहे. शेतकरी ज्या प्राथमिक सहकारी समितीकडून कर्ज घेतो, तिच्याच केंद्रावर धान विकतो. विक्रीच्या रकमेतून कर्ज वळते होते आणि बाकी रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. या पद्धतीला तेथे ‘लिंकिंग’ म्हणतात. कर्ज आणि विक्री एकाच ठिकाणी जोडली गेल्यामुळे वसुलीचा प्रश्न बराच सुटतो. २०२३-२४ पासून राज्यात एकरी २१ क्विंटलपर्यंतच्या धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये देण्याचे धोरण आले. खरेदी झालेले धान राज्याचा सहकारी विपणन संघ गिरण्यांना भरडाईसाठी देतो. शंभर किलो धानामागे कच्च्या तांदळाचे ६७ किलो किंवा उकड्या तांदळाचे ६८ किलो, या प्रमाणात गिरणीने तांदूळ परत करायचा असतो.

या साखळीत छोट्या व्यावसायिकाची अडचण दोन जागी होते. पहिली जागा हमीची. शासनाचे धान उचलायचे तर गिरणीला त्या मालाच्या मोलाची बँक हमी किंवा ठेव द्यावी लागते. बँक हमी म्हणजे रोख कर्ज नव्हे. पण तिच्यासाठीही तारण आणि पत दोन्ही लागतात. मोठ्या गिरणीला हे जमते. गावातील एका खोलीत चालणाऱ्या गिरणीला बहुधा जमत नाही.

दुसरी जागा कच्च्या मालाची. शेतकऱ्याला समितीत ३,१०० रुपये मिळत असतील, तर छोट्या गिरणीनेही जवळपास तोच दर मोजायला हवा आणि तोही रोखीने, हंगामाच्या दोन-तीन महिन्यांत. म्हणूनच अशा व्यवसायासाठी शहाणपणाचे मार्ग थोडेच उरतात. गावकऱ्यांच्या घरच्या धानाची मजुरीवर भरडाई करणे, भाटापाऱ्याच्या प्रसिद्ध पोहे-गिरण्यांप्रमाणे पोहे-मुरमुऱ्यासारखे पक्के पदार्थ तयार करणे, किंवा ज्याला वेगळा भाव मिळतो असा सुगंधी तांदूळ हाताळणे. कर्ज मागणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही प्रथम विचारायला हवा तो प्रश्न हाच की, या व्यवसायाला माल कोठून आणि कोणत्या भावाने मिळणार?

यंत्रापेक्षा पोती महाग

अर्थसाहाय्याच्या चर्चेत बहुतेक वेळा यंत्राच्या किमतीचाच विचार होतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊन आकडेमोड केली, तर ही दृष्टी किती अपुरी आहे ते कळून येते.

समजा, दहा महिलांच्या एका बचतगटाला भरडाई आणि वेष्टनाची ६ लाख रुपयांची यंत्रसामग्री घ्यायची आहे. २०२० साली सुरू झालेल्या आणि पुढे २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पंतप्रधान योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के कर्जसंलग्न अनुदानाची, तर किमान १० टक्के स्वतःच्या वाट्याची तरतूद ठेवण्यात आली. या हिशेबाने गटाचा वाटा ६० हजार, बँकेचे कर्ज ५ लाख ४० हजार आणि अनुदान २ लाख १० हजार रुपये होते. अनुदानाची रक्कम कर्जखात्याशी जोडलेल्या स्वतंत्र खात्यात राहते आणि युनिट नीट चालू असल्यास तीन वर्षांनी कर्जात वळती होते. म्हणजे प्रत्यक्ष बोजा ३ लाख ३० हजारांचा.

आता कच्च्या मालाकडे वळू. हंगामात १५० क्विंटल धान ३,१०० रुपये दराने घेतले, तर ४ लाख ६५ हजार रुपये लागतात. वीज, मजुरी, पिशव्या आणि वाहतूक हे खर्च वेगळेच. यंत्राच्या निव्वळ बोजापेक्षा गोदामातील पोत्यांत अडकलेली रक्कम मोठी! खेळत्या भांडवलाची तजवीज न करता केवळ यंत्रासाठी कर्ज दिले, तर होळीच्या सुमारास यंत्र बंद पडते आणि हप्ता मात्र चालू राहतो. कित्येक चांगली युनिटे कुलूपबंद होतात ती कर्ज मिळाले नाही म्हणून नव्हे, तर अर्धेच मिळाले म्हणून.

हे खेळते भांडवल कोणत्या स्वरूपात घ्यावे, यालाही महत्त्व आहे. उदाहरणादाखल व्याजदर १० टक्के धरू. ४ लाख ६५ हजार रुपये एकरकमी उचलून वर्षअखेरीस फेडले, तर व्याज ४६,५०० रुपये होते. तीच मर्यादा कॅश क्रेडिट म्हणून घेतली, धान विकले जाईल तसतसे पैसे खात्यात भरत गेले आणि दहा महिन्यांत रक्कम समप्रमाणात शून्यावर आली, तर व्याज सुमारे १९,४०० रुपये पडते. फरक २७ हजारांहून अधिक आहे. छोट्या युनिटच्या वर्षाच्या नफ्यात ही रक्कम निर्णायक ठरू शकते. कर्जदाराला मिळणारी सवलत अशी केवळ व्याजदरात नसते. ती कर्जाच्या रचनेतही असते.

मालाचेच तारण

जमीन नावावर नसलेल्या कर्जदारापुढे, विशेषतः महिलांपुढे, तारणाची भिंत उभी राहते. या भिंतीला गेल्या काही वर्षांत तीन ठिकाणी वाट काढण्यात आली आहे.

पहिली वाट विनातारण मर्यादेची. शेती व संलग्न कामांसाठी विनातारण कर्जाची मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये १ लाख ६० हजार आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपये केली. दुसरी वाट सामूहिक जबाबदारीची, म्हणजे बचतगटांची. गटाची नियमित बचत, बैठकांची नोंदवही आणि आपसांतील कर्जांची परतफेड हीच येथे पत मानली जाते.

तिसरी वाट मालतारणाची. २००७ च्या वखार कायद्याने गोदामाच्या पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचा दर्जा दिला आणि २०१७ पासून ही पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात उपलब्ध झाली. नोंदणीकृत गोदामात माल ठेवून त्या पावतीवर कर्ज घेता येते आणि भाव सुधारल्यावर माल विकून ते फेडता येते. अशा कर्जांसाठी १,००० कोटी रुपयांची पतहमी योजना डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. वाढीदिढीच्या व्यवहारात शेतकरी महाग घेऊन स्वस्तात फेडत असे. मालतारणात हा क्रम उलटा करता येतो, आणि हीच या सुविधेची खरी थोरवी आहे. ज्या वाणाला सरकारी खरेदीपेक्षा वेगळी बाजारपेठ आहे, त्याच्यासाठी ती अधिक उपयोगी पडते.

नगरीचा दुबराज

अशा वाणांचे उत्तम उदाहरण रायपूरच्या दक्षिणेला, धमतरी जिल्ह्यात आढळते. महानदीच्या उगमाजवळच्या नगरी-सिहावा परिसरातील ‘दुबराज’ हा सुगंधी तांदूळ छत्तीसगढचा बासमती म्हणून वाखाणला जातो. पारंपरिक दुबराज उंच वाढतो, उशिरा तयार होतो आणि उत्पन्न कमी देतो. त्यामुळे भरघोस पिकणाऱ्या वाणांपुढे तो मागे पडत गेला. स्थानिक महिला बचतगटाच्या पुढाकाराने २०२३ साली नगरी दुबराजला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने दुबराजचा ठेंगणा आणि लवकर येणारा वाणही विकसित केला आहे.

येथे एक आर्थिक गुंता आहे. जाड धानाला हमखास खरेदी आणि चांगला दर असताना शेतकऱ्याने कमी उत्पन्नाचा दुबराज का लावावा? उत्तर एकच: त्याचा तांदूळ, तांदूळ म्हणून, स्वतःच्या नावाने विकला गेला तर. त्यासाठी वेगळी भरडाई, स्वच्छता, वेष्टन, साठवण आणि ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा खर्च करावा लागतो. निर्देशांकाचे प्रमाणपत्र बाजारातील नावाचे रक्षण करते. खेळते भांडवल ते पुरवू शकत नाही. ते काम बँकेचे आहे. वेळेवर मिळालेल्या काही लाखांच्या कर्जमर्यादेवर एखाद्या वाणाचे शेतात टिकणेसुद्धा अवलंबून राहू शकते.

इतरांचे अनुभव

इंडोनेशियातील भातशेतीची कथा बँक कर्मचाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. तेथील ‘बिमास’ या भात उत्पादन कार्यक्रमात बँक राक्यत इंडोनेशियाच्या ग्रामीण केंद्रांमधून सवलतीचे कर्ज वाटले जाई. थकबाकी वाढत गेली आणि कार्यक्रम गुंडाळावा लागला. केंद्रे बंद करण्याऐवजी बँकेने १९८४ साली ‘कुपेदेस’ ही नवी कर्जयोजना आणली. कर्ज कोणत्याही उत्पन्न देणाऱ्या ग्रामीण व्यवसायासाठी, व्याज खर्च भागेल असे आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजाचा काही भाग परत. १९८६ साली तिच्या जोडीला सोपी बचत योजना आली. तोट्यातील केंद्रे पुढे नफ्यात चालू लागली. ग्रामीण कर्जदाराला स्वस्त कर्जापेक्षा जवळचे, वेळेवरचे आणि पुन्हा मिळण्याची खात्री असलेले कर्ज अधिक मोलाचे वाटते, हा त्यातील धडा.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची कहाणी अनेकांना ठाऊक आहे. संस्थापिकांपैकी अनेक जणी निरक्षर असल्याने परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला. या महिला अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी दर्शवली. १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली बँक सुरू झाली. सही करता न येणे आणि हिशेब न येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या महिलांनी सिद्ध केले.

याची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्ताचे संकट उभे राहिले. एकाच कुटुंबाला अनेक संस्थांनी कर्जे दिली, वसुलीचा तगादा वाढला आणि राज्य शासनाला अध्यादेश काढावा लागला. मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने या क्षेत्रासाठी वेगळी नियमावली केली. कर्ज सहज मिळणे म्हणजे योग्य मिळणे नव्हे. व्यवसायाच्या कमाईचा विचार न करता दिलेले कर्ज हे अर्थसाहाय्य न राहता ओझे बनते.

शाखेत आणि व्यवसायात

अग्रक्रम क्षेत्राच्या निकषांनुसार बँकांनी एकूण समायोजित कर्जाच्या १८ टक्के कर्ज शेतीला आणि त्या १८ टक्क्यांपैकी, एकूण समायोजित कर्जाच्या १० टक्के इतके, लहान व सीमांत शेतकऱ्यांना द्यायचे असते. अन्नप्रक्रिया आणि गोदामे यांनाही या चौकटीत स्थान आहे. उद्दिष्टे आवश्यकच आहेत. परंतु छोट्या ग्रामीण व्यवसायाचे प्रकरण हाताळताना शाखाधिकाऱ्याला आकड्यांपलीकडे काही गोष्टी पाहाव्या लागतात. माल कोणत्या महिन्यात येतो आणि पैसा कोणत्या महिन्यात येतो? हप्ते त्यानुसार बांधले आहेत काय? यंत्राबरोबर खेळत्या भांडवलाची मर्यादा एकाच वेळी मंजूर झाली आहे काय? खरेदीदार एकच आहे की अनेक? वीजपुरवठा, सुटे भाग आणि दुरुस्ती यांची सोय किती अंतरावर आहे? एका फेरीत या प्रश्नांची जी उत्तरे मिळतात, ती जाडजूड प्रकल्प अहवालातून मिळत नाहीत.

व्यवसाय करणाऱ्यांच्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. घरखर्च आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवावा. विक्रीची रक्कम कर्ज असलेल्या खात्यातूनच फिरवावी. पुढच्या वर्षी मर्यादा वाढवून घेताना तोच सर्वांत विश्वासार्ह पुरावा ठरतो. साठ्याचा आणि यंत्राचा विमा उतरवावा. धान ओले घेऊ नये; ओल्या धानात तुकडा वाढतो आणि उतारा घटतो. हप्ता चुकण्याची चिन्हे दिसताच शाखेला आधी कळवावे. हप्ता थकल्यावर नव्वद दिवस उलटले, की खाते सर्वसाधारणपणे अनुत्पादक ठरते आणि त्यानंतरच्या वाटा अरुंद होतात.

पीककर्जाने शेतकऱ्याचा हंगाम निभावतो. त्या पिकाचे मोल गावात टिकवायचे असेल, तर कर्जाला शेताच्या बांधावरून पुढे, गिरणीच्या दारापर्यंत जावे लागते. वामनराव लाखे यांना बँकेपासून गिरणीपर्यंत पोहोचायला बत्तीस वर्षे लागली आणि त्या काळात त्यांच्या हाती ना पतहमी होती, ना अनुदान, ना गोदामाची पावती. आज ही सारी साधने शाखेच्या टेबलावर आहेत. बीरगांवच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातून महिलांचा गट अर्ज घेऊन येईल, तेव्हा त्याला यंत्राचे आणि पोत्यांचे पैसे एकाच वेळी, कापणीपूर्वी मिळाले, तर तेवढ्यानेही त्या गावाच्या धानाचा बराचसा दाम गावातच राहील.